बारा नंबरचे ठोके

डिसेंबरात आमच्या गावच्या भिंतींना घाम फुटतो. समुद्रावरचा वारा डोंगराला येऊन अडतो आणि महिना महिना भुरभुर चालते. खडू दमट होतात, वह्या फुगतात, मुलांचे मोजे वाळत नाहीत. अशाच एका मंगळवारी शाळेत खोकं आलं. आत बारा टॅबलेट, बारा स्टँड आणि प्लास्टिकच्या पाकिटात नक्षीचे तीन कागद.

मी वेई. सहावीला विज्ञान शिकवतो. शाळेत शिक्षक पाच, त्यामुळे संगणक, हजेरीपट आणि गळकं छप्पर हेही माझ्याच गळ्यात. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून गाव रिकामं होत चाललंय. सहावीत अकरा मुलं, आणि तीही भरपूर म्हणायची. खोकं उघडलं तेव्हा मुख्याध्यापिका चुआंग बाई एवढंच म्हणाल्या, "वेई सर, गळतीखाली ठेवू नका म्हणजे झालं."

चीज तशी गमतीची. नक्षीचा कागद टेबलावर ठेवायचा आणि टॅबलेटमधून त्याच्याकडे बघायचं. कागदावर हृदय उभं राहतं. फुटबॉलएवढं, लाल, ओलसर. टॅबलेट बाजूला केला की नुसता कागद. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. हृदयाभोवती फिरता येतं, बोट लावून ते उघडता येतं. पण खरी मेख पुढेच होती. चौघांच्या गटात प्रत्येकाला वेगळाच भाग दिसतो. एकाला स्नायू, एकाला रक्तवाहिन्या, एकाला रक्ताचा प्रवाह, एकाला झडपा. अख्खं हृदय कोणालाच दिसत नाही. आपल्याला काय दिसतंय ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. तोंड उघडावंच लागतं.

त्या तोंड उघडण्यासाठीच मी टॅबलेट मागवले होते. चार अर्ज केले होते.

माझी मुलगी यी-छिंग त्याच वर्गात होती. अकरा नंबर. मार्चमध्ये तिची आई गेली, आणि त्या दिवसापासून यी-छिंग बोलली नव्हती. मान हलवायची, बोट दाखवायची, फारच झालं तर चिठ्ठी लिहायची. 'दूध संपलं.' 'बुटात पाणी जातं.' डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही बिघाड नाही, वेळ द्या. शहरातलं घर सोडून मी तिला इथे आणलं आणि वेळच वेळ दिला. नऊ महिने झाले. आमच्या घरात भाताच्या कुकरचं बटण टक् करून वर आलं तरी मी दचकायचो. तिचा आवाज कसा होता ते मी विसरत चाललो होतो, आणि याची मला भयंकर भीती वाटायची.

अडचण एकच होती. गट चौघांचाच लागतो. तिघांचा गट उघडतच नाही, आणि माझी मुलं अकरा. पहिल्या दोन गटांत आठ गेली. उरले तिघं. नऊ नंबरचा पो-शुन, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं. दहा नंबरची मान-नी, जी त्याला गप्प करण्यासाठीच जन्माला आली आहे. आणि यी-छिंग. मग मी यादीत बारावा नंबर उघडला. नावाची जागा मोकळी सोडली, तर चालून गेलं. जन्मतारखेवाचून मात्र पुढे जाऊ देईना, म्हणून त्या दिवशीचीच तारीख टाकली. बारावा टॅबलेट स्टँडवर लावून तिसऱ्या गटाच्या चौथ्या खुर्चीसमोर ठेवला. अधूनमधून येऊन त्यावर मीच बोट दाबणार होतो. शाळेत असल्या युक्त्या आम्ही रोज करतो. कागदावर जमलं की काम झालं.

पहिला तास गुरुवारी झाला. दहा मिनिटांत पहिल्या गटाचे दोन टॅबलेट अडकले, आणि मी तिथेच अडकलो. मागून पो-शुनची कुरकुर ऐकू येत होती. "झडपा बारा नंबरकडे आहेत. सर येईपर्यंत आपण काय माश्या मारायच्या का?"

"तू नाहीतरी तेच करतोस," मान-नी म्हणाली.

आणि मग तिसरा आवाज आला. बारीक, खरखरीत.

"उजवीकडची झडप तीन पाकळ्यांची आहे. डावीकडची दोन."

माझ्या हातातला टॅबलेट तसाच राहिला. वळून बघायचा धीर होईना. वळलो तेव्हा यी-छिंग चौथ्या खुर्चीकडे मान कलती करून बसली होती. शेजारच्याचं बोलणं नीट ऐकून घेताना माणूस बसतो तशी. मग पो-शुनकडे वळून म्हणाली, "आधी डावीकडची मिटते. बारा नंबरला दिसतंय."

तिसऱ्या गटाचं हृदय सगळ्यात आधी पूर्ण झालं. मी शौचालयात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो.

संध्याकाळी नोंदी काढून बघितल्या. बारा नंबरच्या टॅबलेटवर चौदा स्पर्श. चौदाही बरोबर जागी. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर मी विचारलं, गटात कोणी गैरहजर असेल तर प्रणाली स्वतः उत्तरं भरते का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाही, अशी सोय नाही, मात्र सूचना चांगली आहे.

कोणी मला मूर्ख म्हणेल, पण मी त्यावर फार विचार केला नाही. काहीतरी बिघाड असेल. बिघाडामुळे माझी मुलगी बोलत असेल तर तो बिघाड मला शंभर वेळा चालेल. घरी ती अजून गप्पच होती. इतर तासांनाही गप्प. फक्त विज्ञानाच्या तासाला, आणि तेही बारा नंबरला काय दिसतं तेवढंच सांगायला, तिचं तोंड उघडायचं. पण उघडायचं.

मुलांचं काय, ती आठवड्याभरात रुळली. पो-शुन तर टेबलावर वाकून म्हणायचा, "बारा नंबर, गणितालाही येत जा राजा. सर, हा तुमच्यापेक्षा बरं समजावतो."

"हो, आणि तुझ्यासारखी बडबडही करत नाही," मान-नी म्हणायची.

यी-छिंग हसायची. आवाज न करता, पण हसायची.

पुढच्या सोमवारी पो-शुनची जेवण वाढायची पाळी होती. आमच्याकडे जेवणाच्या बादल्या वर्गात येतात आणि मुलंच वाढतात. त्याने बारा वाट्या मांडल्या. भात, कोबी, सोया सॉसमध्ये शिजवलेलं अंडं. बारावी वाटी चौथ्या खुर्चीसमोर. बादल्या न्यायला आलेल्या आ-ग्वान मावशी दारातच थांबल्या. सत्तरीच्या बाई. त्यांचे वडील आणि दोन भाऊ खाणीत होते. मावशींनी ती वाटी उचलली आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"कोणासाठी मांडलीत?"

"कोणासाठी नाही हो मावशी. मुलांची मस्करी आहे." मी त्यांना बारा नंबरची गोष्ट सांगितली. हसत हसत सांगायला गेलो, पण त्या हसल्या नाहीत.

"नाव काय दिलंत?"

"नाव दिलंच नाही. मोकळं सोडलं."

"शिकलेली माणसं," त्या म्हणाल्या. "सातव्या महिन्यात मेलेली माणसं परत येतात, तेव्हा आम्ही दारात ताट मांडतो ना, ते तोंडाने सांगून मांडतो. अमक्यासाठी मांडलंय, जेवा आणि जा. बेवारशांसाठी मांडलं तरी तसं सांगतो. तुम्ही खुर्ची मांडलीत, नंबर दिलात, जन्माची तारीख दिलीत. कोणासाठी ते सांगितलं नाहीत, आणि जा तर म्हणालाच नाहीत."

"मावशी, ते यंत्र आहे."

"असेल. पण काढाल तेव्हा नुसतं पुसू नका. आधी विचारा, बाबा तू कोण. मग निरोप द्या." बादली उचलून त्या जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "आणि लवकर काढा, सर. बसू दिलं की माणूस घर करतं."

मी काढलं नाही. खरं सांगतो, काढायचा विचारच मी मनात येऊ दिला नाही. त्याच दिवशी दुपारी यी-छिंगने पहिल्यांदा स्वतःहून एक वाक्य म्हटलं होतं, बारा नंबरशिवायचं. ती म्हणाली होती, "पो-शुन, तुझं कोपर."

त्या सोमवारपासूनच नाडीचा धडा होता. टॅबलेटच्या भिंगावर बोट ठेवायचं, तो बोटातलं रक्त बघून ठोके मोजतो. चौघांचे ठोके मिळाले की मधलं हृदय चौघांच्या सरासरीने धडधडायला लागतं. एकाने बोट काढलं की थांबतं. मुलांना हे फार आवडलं. तिसऱ्या गटाचं हृदय चालणार नाही हे गृहीत धरून मी त्यांना दुसऱ्या गटाजवळ उभं राहायला सांगत होतो, तेवढ्यात मान-नी म्हणाली, "सर, आमचं चाललं."

पडद्यावर चार आकडे होते. नऊ नंबर, ९०. दहा नंबर, ८६. अकरा नंबर, ७८. बारा नंबर, ३०.

मी चौथ्या टॅबलेटचं भिंग पाहिलं. त्यावर काही नव्हतं. वर जुनी ट्यूबलाइट फडफडत होती. तिचीच उघडझाप मोजतोय झालं, असं मी मुलांना समजावलं. मलाही ते पटलं. मी ट्यूबलाइट बंद केली. तीस तसाच राहिला.

मंगळवारी यी-छिंगचे ठोके सत्तर आले. बारा नंबरचे अडतीस.

बुधवारी पंचावन्न आणि त्रेपन्न.

मी आकडे वहीत लिहीत होतो, सवयीने. बुधवारी मुलं साफसफाईला गेली तेव्हा वही समोर घेऊन बसलो आणि उगाच बेरीज केली. अठ्ठ्याहत्तर आणि तीस, एकशे आठ. सत्तर आणि अडतीस, एकशे आठ. पंचावन्न आणि त्रेपन्न, एकशे आठ. पुन्हा केली. पेन खाली ठेवलं.

घरी तिचा हात हातात घेतला तर गार. ओठ फिकट. त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली, डोळ्यांत बत्ती मारली. म्हणाले, थोडी मंद आहे, अशक्तपणा असेल, जेवणाकडे लक्ष द्या. छत्रीतून परत येताना मी म्हटलं, "छिंग-छिंग, तुला त्या टेबलावर बसायला भीती वाटते का?"

तिने मान हलवली. नाही. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. खिशातून कागद काढला, पण पावसात पेन उमटेना. तिने कागद परत खिशात ठेवला.

घरी पोचल्यावर मी तो मागायला हवा होता. नाही मागितला. माझ्या डोक्यात एकच होतं, उद्याचा एक तास. सकाळी ती वर्गात तीन वाक्यं बोलली होती. उद्या कदाचित पाच बोलेल. उद्याचा तास होऊ दे, मग काढतो. मी बाप होतो, आणि मला लोभ सुटला.

गुरुवारी जेवणाआधीच्या तासाला यी-छिंग अखंड बोलत होती. कोणती झडप, कुठला प्रवाह, रक्त कुठून कुठे. हातवारे करून, हसून, पो-शुनला टपली मारून. "अगं, जरा आम्हालाही बोलू दे," तो म्हणाला. पो-शुन असं म्हणाला. गाल लाल झाले होते तिचे.

मी पडदा पाहिला. अकरा नंबर, ७६. बारा नंबर, ३२.

बरं वाटलं. पहिल्या दिवशीसारखेच आकडे, सगळं जागच्या जागी आलं. मग वाटलं, काल पंचावन्न होते. एका दिवसात इतके चढतात? आणि बारा नंबर एवढा का उतरला? हे सगळं मला धड सुचत नव्हतं. तिचे ठोके चढलेत तोवर हे काढून टाकायचं, एवढंच सुचलं.

जेवणानंतर अर्धा तास मुलांना सक्तीची झोप असते. दिवे बंद, पडदे ओढलेले, बाकावर डोकं टेकून अकरा मुलं. भुरभुर चालूच. यी-छिंग हातावर गाल ठेवून गाढ झोपली होती. पाठ वर-खाली होत होती.

मी टेबलाशी बसून माझ्या संगणकावर यादी उघडली. तिच्या शेजारी हृदयाचं चित्र असतं, आणि कोणता नंबर कुठे बोट टेकतोय ते त्यावर ठिपक्यांनी दिसतं.

मुलांचे टॅबलेट कपाटात चार्जिंगला होते. त्यामुळे सगळे ठिपके करडे दिसायला हवे होते. अकरा करडे होते. बारा नंबरचा हिरवा होता.

तो हलत होता.

एरवी तो हृदयावर असायचा, झडपांपाशी. आता तो हृदयाजवळ नव्हता. पडद्याच्या कडेशी, माझ्या बाजूला आला होता. एकाच जागी टेकत होता, उठत होता, टेकत होता. दारावर टकटक करावी तसा.

मी काढण्याचं बटण दाबलं. प्रणालीने विचारलं, हा विद्यार्थी कायमचा काढायचा?

ठिपका थांबला. मग दुप्पट वेगाने सुरू झाला.

मावशींचं बोलणं आठवलं. आधी विचारा, बाबा तू कोण. ओठांवर आलंही होतं. पण समोर अकरा मुलं झोपलेली, आणि मी विज्ञानाचा शिक्षक, रिकाम्या खुर्चीला नाव विचारणार? लाज वाटली. भीतीही वाटली. ती जास्त होती.

मी 'हो' दाबलं.

ठिपका गेला. कपाटात काहीतरी एकदा थरथरलं आणि शांत झालं.

घंटा झाली. मुलं आळोखेपिळोखे देत उठली. यी-छिंगने डोकं उचललं, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या वर्गासमोर स्वच्छ आवाजात म्हणाली, "झोप छान झाली."

मी जाऊन तिचा हात धरला. गरम होता. नाडी धरली, ठणठणीत होती. पो-शुन म्हणाला, "सर रडतायत." मान-नीने त्याला चिमटा काढला. मी हसलो आणि रडलो, दोन्ही एकदम.

शाळा सुटल्यावर आम्ही चालत घरी आलो. वाटभर ती बोलत होती. नऊ महिन्यांचं साठलेलं बाहेर पडतंय, मी म्हटलं, पडू दे. छत्रीबाहेर हात काढून तिने तो पावसात धरला होता. "केवढं ओलं आहे," ती म्हणाली. दर थोड्या वेळाने म्हणत होती. रुळांवरून गाडी गेली तेव्हा थांबून, पार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

मी नूडल्सचं सूप केलं. तिने तीन वाट्या खाल्ल्या. तिला न आवडणारी मुळ्याची भाजीही खाल्ली, मीठ हवं म्हणाली, आणखी मागितली. मी तिला सांगितलं की मी फार घाबरलो होतो. सांगितलं की तुझा आवाज ऐकण्यासाठी मी काहीही केलं असतं. ती चमचा चाटत ऐकत होती. "माहीत आहे," ती म्हणाली.

मग दात घासायला गेली. दिवा लागला. नळ सुरू झाला, बंद झाला. बराच वेळ आतून काही आवाज नाही.

"सर," तिने हाक मारली.

मी भांडी धुता धुता थांबलो.

"सर, यातला माझा ब्रश कोणता?"

मी ओला हात तसाच धरून उभा राहिलो. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. ती वाट बघत होती, अगदी शहाण्या मुलीसारखी.

"हिरवा," मी म्हटलं.